घाटाखालची लढाई

पनवेल,
गुरुपौर्णिमा

चि. अमोल,

तू पाठवलेली देखाव्याची संहिता सावकाश वाचली. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून मोकळे होता आले असते, पण तुला एवढ्यावर सोडायचा माझा विचार नाही, म्हणून कागद घेऊन बसले. मंडळाने यंदा पनवेलचा इतिहास हा विषय धरला याचा मला मनापासून आनंद झाला. दरवर्षीचे ते केदारनाथ आणि शीशमहाल पाहून डोळे विटले होते.

आता तक्रार. तुझ्या संहितेत महादजी शिंदे घोड्यावरून येतात, लाल डगल्यातले गोरे पटापट पडतात, मध्येच एक फितूर शिपाई सापडतो, त्याच्या मुस्काटात बसते, मागे ढोल-ताशे सुरू होतात आणि भगवा वर चढतो. हाच देखावा उद्या सांगलीच्या किंवा नाशिकच्या मंडळाने उचलला तर त्यांना एक शब्दही बदलावा लागणार नाही. मग यात आपले पनवेल कुठे आहे? निवेदकाच्या पहिल्या वाक्यात, तेही नावापुरते.

पनवेलच्या वाट्याला आलेली लढाई बैलांची, तांदळाच्या गोण्यांची, पडावांची आणि घाटवाटेची होती. ती मांड. लोक थांबून बघतील, कारण ती त्यांनी आजवर कुठल्याही मांडवात पाहिलेली नाही. माझा सल्ला एवढाच आहे. पुढे लिहिते आहे ते सगळे तो अमलात कसा आणायचा याबद्दल.

१७७८ सालचा नोव्हेंबर घे. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ मध्ये झाला, राघोबादादा गादीवर बसले आणि उठवलेही गेले, मग ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. सुरतेचा तह, पुरंदरचा तह ही सनावळी निवेदकाच्या तोंडी घालू नकोस; प्रेक्षक पुढच्या गल्लीतल्या गणपतीकडे चालू लागतील. एवढेच सांग, की दादांना पुण्यात नेऊन बसवण्याचे निमित्त करून मुंबईकर इंग्रजांनी फौज काढली. माणसे सुमारे ३,९००. गोरे त्यातले थोडे, बाकी देशी शिपाई आणि तोफांबरोबरचे खलाशी. सेनापती कर्नल एगर्टन, आणि त्याच्या डोक्यावर निर्णय घ्यायला एक समिती. त्या समितीत तो स्वतः, जॉन कार्नाक आणि पूर्वी पुण्यात वकील राहिलेला मोस्टिन. लढाईला समिती नेमणारे लोक कसे असतील याची कल्पना तुला तुमच्या मंडळाच्या बैठकींवरून यावी.

ही फौज मुंबईहून होड्यांनी निघाली, खाडी ओलांडून आली आणि तिने तळ दिला तो पनवेलला. का, ते प्रेक्षकांना समजले पाहिजे. मुंबई हे बेट. पुण्याला जायचे तर भरतीच्या पाण्यावर पडाव पनवेल बंदरापर्यंत येत, तिथे माल उतरे, आणि पुढे चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाटाचा पायथा. आज कळंबोलीच्या नाक्यावर ट्रकच्या रांगा लागतात, त्यांचा आणि त्या बैलांचा रस्ता थोड्याफार फरकाने एकच आहे. बंदर आता गाळाने भरले. तुझ्या मंडळातल्या निम्म्या पोरांना पनवेलला बंदर होते हेच ठाऊक नसेल. तेव्हा देखाव्याची सुरुवात तलवारीने करू नकोस. पडावातून गोण्या उतरतायत, अशी कर.

आणि मग बैल. इंग्रजी नोंदींत या फौजेबरोबर १९,००० बैल असल्याचे लिहिले आहे. ३,९०० माणसे आणि १९,००० बैल. हा आकडा मी वर्गात सांगायचे तेव्हा पोरे हसायची, म्हणून मी त्यांना हिशेब करायला लावायचे. बैल एकामागे एक उभे केले आणि एकेकाला दोन मीटर जागा धरली, तर ओळ अडतीस किलोमीटरची होते. पनवेलहून निघालेली ओळ घाटाच्या पायथ्याला टेकेल. एका बैलाला दिवसाला पाच किलो चारा धर (हे कमीच झाले, तुझ्या पणजोबांनी मला वेड्यात काढले असते), तरी रोजचे पंचाण्णव हजार किलो. हा चारा मुंबईहून होडीतून येणार नव्हता. आणि महिना बघ: नोव्हेंबर-डिसेंबर. आपल्याकडे भात कापून खळ्यावर आलेला असतो, पेंढ्याच्या उडव्या नुकत्या रचलेल्या असतात. वर्षभराची बेगमी दारात आणि दारावरून अशी फौज चाललेली. खळ्यावरच्या बाईच्या मनात त्या वेळी महादजी नव्हते आणि राघोबादादाही नव्हते, हे मी तुला कुठल्याही कागदाशिवाय सांगते. तिला तुझ्या देखाव्यात दोन वाक्ये दे. तुझ्या संहितेत एकही बाई नाही, हे तुझ्या लक्षात आले का?

पुढचा भाग तुला ठाऊक आहे, तरी वेगाची गंमत सोडू नकोस. कॅप्टन स्टुअर्ट थोडी माणसे घेऊन पुढे गेला आणि घाट त्याने जवळजवळ बिनविरोध ताब्यात घेतला. मागची मुख्य फौज मात्र रस्ता दुरुस्त करत, तोफा ओढत, समितीत भांडत डिसेंबरच्या अखेरीला घाटमाथ्यावर पोचली. माथ्यापासून तळेगाव काही फार लांब नाही, लोकलने तासाच्या आत येते. त्या फौजेला तिथे पोचायला ९ जानेवारी उजाडली. समोर मराठ्यांची मोठी फौज होती, पण ती अंगावर येत नव्हती. ती बाजूने चालत होती, टिपत होती, मागची रसद तोडत होती. ४ जानेवारीला कार्ल्याला स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. आपल्या लोकांनी त्याला इष्टुर फाकडा म्हटले, आणि वडगावला त्याच्या समाधीला आजही लोक नारळ फोडतात. हा माणूस देखाव्यात असलाच पाहिजे. शत्रूच्या सरदाराला नवस बोलणारी माणसे आपण आहोत, हे पोरांना कळू दे. ढोल-ताशापेक्षा ते जास्त वेळ डोक्यात राहील.

तळेगावला इंग्रज पोचले तर गाव जळलेले. आता इथे जरा थांबून वाच. ते गाव इंग्रजांनी जाळले नव्हते. शत्रूला काडी मिळू नये म्हणून आपल्याच फौजेने जाळले होते, आणि वेळ आली तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी ठेवली होती. युद्ध म्हणून पाहिले तर डाव अचूक होता. उपाशी फौज ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, सामान पेटवून मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा, राघोबादादांना महादजींच्या हवाली करायचे, अशा अटींवर इंग्रजांनी सही केली. कंपनीच्या इतिहासात अशा शरणागती फार नाहीत. पण तळेगावच्या ज्या शेतकऱ्याची गंजी या विजयासाठी जळली, त्याला नुकसानभरपाई मिळाली असेल का? तुमचे खजिनदार म्हणतील, आपलेच लोक आपले गाव जाळतात असे कसे दाखवायचे, पोलीस परवानगी देतील का, वर्गणीदार काय म्हणतील. त्यांना सांग, की हे लपवले तर विजय स्वस्त होतो. ज्या विजयाची कुणालाच किंमत पडली नाही त्याचा अभिमान कशाचा बाळगायचा?

बरे, भगवा वर चढवून तू इथेच पडदा टाकलास. ते खोटे आहे. खोटे म्हणजे घडले नाही असे नव्हे, अर्धे आहे. मुंबईकरांनी वडगावचा करार झुगारून दिला. कंपनीच्या संचालकांनी कार्नाक आणि एगर्टन यांना कामावरून काढले आणि लढाई चालूच ठेवली. बंगालहून निघालेली फौज हिंदुस्थान आडवा चालत तोवर सुरतेला आली होती, तिचा सेनापती गॉडर्ड. मुंबईची तिजोरी कायम तोट्यात. पैसा येई बंगालच्या वसुलीतून. गंगेकाठच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यामधून बोरघाटातल्या बैलाचा चारा विकत घेतला जात होता. इंग्रज लढाया हरून युद्धे का जिंकत गेले, याचे मला पटलेले सर्वांत मोठे कारण हे आहे, आणि ते शौर्याच्या गोष्टीत कधी मावत नाही. आपल्याकडे ही गोष्ट नाना फडणीस जाणून होते. त्यांना तुझ्या संहितेत जागा नाही, कारण ते घोड्यावर शोभत नाहीत. निदान एक दिवा, एक वही आणि पगार थकलेल्या सरदारांच्या पत्रांचा ढीग घेऊन बसलेला माणूस कोपऱ्यात दाखव. खर्चही कमी येईल.

आता खास पनवेलचा प्रसंग. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई घेतली आणि फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाट चढून खंडाळ्याला ठाण मांडले. त्याला वाटले, आता पुणेकर तह करतील. नानांनी आणि हरिपंत फडक्यांनी दाद दिली नाही. वर हरिपंत आणि तुकोजी होळकर, आणि खाली कोकणात परशुरामभाऊ पटवर्धन. भाऊंनी घाटातल्या फौजेला हातही लावला नाही. ते पनवेल आणि घाट यांच्या मधल्या पट्ट्यात फिरत राहिले, आणि पनवेलहून वर जाणाऱ्या प्रत्येक दाणागोट्यावर तुटून पडू लागले. एकेक तांडा वर पोचवायला पलटणींच्या पलटणी खाली पाठवाव्या लागल्या, चौकच्या आसपास लढाया झाल्या. शेवटी एप्रिलमध्ये गॉडर्ड घाट उतरून पनवेलकडे निघाला. एप्रिलमधला आपला उकाडा तू जाणतोस. झाडी, ओढे, दोन्ही बाजूंनी बंदुका, आणि मधून सामानाची ओळ. पनवेलला पोचेपर्यंत त्याची ४६६ माणसे ठार किंवा जखमी झाली होती, त्यांत अठरा गोरे अंमलदार. वडगावइतकाच हा मोठा पराभव. वडगावला स्मारक आहे. चौक-खालापूरच्या रस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात आणि कुणाला काही माहीत नसते. तुम्हांला जोश हवा आहे ना? इथे घ्या हवा तेवढा. भाऊंच्या बाजूने कागद पाहायचे असतील तर वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढ, पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे त्यात आहेत. लढाईच्या बातमीइतकीच पैशाची आणि दाण्याची काळजी त्या पत्रांत दिसेल.

एवढे करूनही पुढच्याच वर्षी, मे १७८२ च्या सालबाईच्या तहात, वसई परत मिळाली पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे पनवेलच्या खाडीपलीकडचा किनारा गेला तो गेलाच.

आता तो फितूर. त्याला काढून टाक. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

कंपनीच्या मुंबई पलटणीत कोण होते? आपल्याच किनाऱ्यावरची माणसे. महार होते, मराठे होते, कोकणी मुसलमान होते, बेने इस्रायल होते. तेल गाळायचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, ते लोक. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतले एक नाव. कंपनीच्या फौजेत अंमलदार झाला, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला, सुटून आला आणि १७९६ मध्ये त्याने मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले. पनवेलचे आपले बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. तू शाळेत असताना त्याच्यावरून रोज जायचास. या घरांतले मुलगे पलटणीत का गेले? महिन्याच्या महिन्याला पगार, मेल्यावर घरच्यांना काहीतरी, आणि गावात जे नाव कुणी घेत नव्हते ते नाव हजेरीच्या वहीत. पेशव्यांच्या फौजेत पगार थके, शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. आणि महारांना पुण्यात काय वागणूक होती ते मी तुला नव्याने सांगायला नको. ज्या राज्याने ज्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याने त्या राज्याशी निष्ठा ठेवली नाही म्हणून मुस्काटात मारायची, तीही गणपतीपुढे? तुमच्या मांडवासमोरच्या रांगेत त्यांची पणतवंडे उभी असणार आहेत, हेही ध्यानात ठेव. भीमा कोरेगावचे काय करतो आपण दर जानेवारीला, ते दिसतेच आहे. १८१८ च्या त्या लढाईत कंपनीच्या बाजूने महार होते, तसे पेशव्यांच्या बाजूने अरब होते. ‘आपले’ आणि ‘परके’ अशी सरळ रेघ त्या वेळच्या कुठल्याच छावणीतून ओढता येत नाही. गॉडर्डच्या फौजेतले पुरभय्ये शिपाई पनवेलकरांना जितके परके, तितकेच पेशव्यांचे अरब आणि गोसावी.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. कंपनी कुणाची तारणहार म्हणून आली नव्हती. जोवर गरज होती तोवर तिने महारांना घेतले, आणि १८९० च्या दशकात, लढाऊ जाती वेगळ्या असतात असा शोध लावून, सरकारने त्यांची भरती बंद केली. तेव्हा महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर, स्वतः पेन्शनर, अर्ज लिहायला बसले, की आमच्या बापजाद्यांनी तुमचे राज्य उभे केले. लढाईत उपयोगी पडलेल्या माणसाला मागाहून कुणीच ओळख देत नाही. पेशव्यांनी दिली नाही, इंग्रजांनीही नाही. हे वाक्य हवे तर निवेदकाला दे, मला हक्क नको.

एक गोष्ट मात्र देखाव्यात घालावी की नाही, याचा निर्णय मी तुझ्यावर सोडते. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज पत्करली. पुढच्या वर्षी आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवले तोच, पुण्याला आला. त्याची पत्रे बैल, तांदूळ, होड्या आणि रस्ते यांनीच भरलेली आहेत. पनवेल हे त्याला मुंबईहून येणाऱ्या रसदेचे दार होते. १७७९ आणि १७८१ मध्ये कंपनी जे चुकली ते हा माणूस शिकून आला होता. त्याच सुमारास, १८०३-०४ मध्ये, देशावर भयंकर दुष्काळ पडला. पाऊस कमी झाला होताच, पण त्याआधी होळकर-शिंद्यांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी पुण्याभोवतीचा मुलूख धुऊन नेला होता. १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज प्रवासी पनवेलहून पुण्याला गेला. खंडाळ्याजवळ भुकेने मेलेल्यांची प्रेते पडलेली त्याने पाहिली आणि लिहून ठेवली. ज्या वाटेने १९,००० बैल चढले, तीच ही वाट. हे लोक अन्नाच्या आशेने खाली कोकणाकडे, मुंबईकडे निघाले असणार. मुंबईत दाणा होता, कारण मुंबईची समुद्रावरची वाहतूक चालू होती. गणपतीच्या दिवसांत प्रेते दाखवू नयेत असे तुझ्या आईचे मत पडेल, आणि तिच्या मताला मी मान देते. आवाजात दाखवता येईल. मला विचारशील तर मी दाखवीन.

बाकीचे झटपट. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कर्नाळा घेतला. शेवटचे किल्लेदार अनंतराव फडके, आणि त्यांचा नातू शिरढोणला १८४५ मध्ये जन्मला तो वासुदेव बळवंत. मधल्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला (१८३०, गव्हर्नर माल्कम), देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलला उतरू लागला, गाव पैशाने फुगले, १८५२ मध्ये नगरपालिका आली. पनवेलच्या गाड्यांच्या चाकांना त्या काळी नाव होते. मग १८६३ मध्ये रेल्वेने घाट चढला, तोही कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडले. फौजेने मोठे केलेला रस्ता व्यापाराने वापरला आणि लोखंडी रुळांनी ओसाड केला. यावर एक वेगळा देखावा होईल. पुढच्या वर्षी बघू.

वासुदेव बळवंतांचा पुतळा तू शेवटी ठेवला आहेस, फोटोसारखा. त्यांना जिवंत कर. हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता. म्हणजे दाणा, चारा, बैल, पगार यांचे कागद त्याच्या टेबलावरून जात. साम्राज्य कशावर चालते ते त्याला आतून कळले, आणि १८७६-७७ चा दुष्काळ त्याने बाहेर फिरून पाहिला. त्यातून १८७९ चे बंड. त्याच्याबरोबर रामोशी होते; उच्चवर्णीयांकडून त्याला फारशी साथ मिळाली नाही. त्या मे महिन्यात त्याचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने पळस्पे आणि चिखलीवर दरोडे घातले, परतताना मेजर डॅनियलच्या माणसांनी दौलतरावांना गोळी घातली. पळस्पे म्हणजे आपला पळस्पे फाटा, जिथे तुम्ही वडापाव खायला थांबता! ज्यांच्या घरांवर दरोडा पडला तेही पनवेलकरच होते. बंड आणि लूट यांच्यामध्ये त्या रात्री त्या घरातल्या माणसाला फरक दिसला असेल का? ते उत्तर मी तुला देणार नाही. तू त्या घरातला एक म्हातारा लिही आणि त्याला बोलू दे. वासुदेव बळवंत एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी गेले. शिरढोणचा वाडा संहिता पूर्ण करण्याआधी बघून ये, आणि जाताना महामार्गावरून कर्नाळ्याचा सुळका डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला दिसतो ते नीट पाहा. तुझ्या पडद्यावर तो उलट्या बाजूला काढला आहे.

कामाचे आता. खऱ्या बैलांचा हट्ट धरू नका. मिरवणुकीच्या गर्दीत जनावर बिथरले तर पोलीस आधी तुला धरतील, आणि त्यांचेही हाल. पंधरा-वीस बैलांच्या आकृत्या पुठ्ठ्याच्या करा, एकामागून एक लहान होत गेलेल्या, म्हणजे ओळ लांब वाटेल. घंटांचा आवाज ध्वनीवर. थर्मोकोल नको, त्याला बंदी आहे आणि तो पाण्यात कुजत नाही हे तुम्ही दरवर्षी विसर्जनानंतर बघता. लाल डगले सगळ्या शिपायांना घाला, गोऱ्यांना वेगळे आणि देशी शिपायांना वेगळे करू नका, आणि देशी शिपायांची संख्या जास्त ठेवा, कारण ती तशीच होती. निवेदनाला बारा मिनिटांच्या वर जाऊ नका. आवाज कुणा बाईचा घेता आला तर बघ; बाजारपेठेतल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका चांगल्या वाचतात, विचारायला लाजू नकोस, त्यांना आवडेल. खजिनदार खर्चाचे रडले तर महादजींचा घोडा कमी करा. घोड्याचे भाडे वाचले की खळे, उडवी आणि पडाव तिन्ही आरामात होतील.

नवी संहिता श्रावण लागायच्या आत पाठव, मी लाल पेन तयार ठेवते. या वेळी पीडीएफ नको, कागदावर छापून आण आणि येताना जेवायलाच ये. वालाचे बिरडे करीन. दादाला आणि वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि दादाला म्हणावे, रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर हे डॉक्टरांनाच विचार, मला नको.

तुझी,
आत्या